जावयाचा पाहुणचार

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत, दगडांवर हिरव्या मण्यांसारखं शेवाळ आलं, तेव्हा घरात एकटे सासरे खूश झाले. "काय चकाकतंय बघ!" म्हणाले. सून मात्र लगेच मणी मोजायला बसली. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी, त्यामुळे शेवाळाशी तिचं जुनं वैर होतं. हे मणी म्हणजे फुगे, खरवडायला जावं तर फुटतात आणि फुटले की चौपट होतात, हे तिला माहीत होतं.

बघता बघता मणी प्रवाळापर्यंत पोहोचले. बशीएवढं, मेंदूसारख्या वळ्यांचं ते प्रवाळ कडेनं आक्रसू लागलं. एका संध्याकाळी नवऱ्यानं निकाल दिला, "हे मेलं की टाकी विकून टाकू. पाणी बदला, दिवे सांभाळा, आणि बघायचं काय, तर शेवाळ!"

सासरे रुमालानं टाकीची काच पुसू लागले. सासूबाई गेल्यावर ते इथे राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली, ती तिथून हलली नव्हती. चहा, पेपर, दुपारची डुलकी, सगळं तिथेच. टाकी गेली तर हा माणूस दिवसभर कोरी भिंत बघत बसेल, हे सुनेला कुणी सांगायला नको होतं.

तिनं फुगे खाणारा एक हिरवा खेकडा आणला.

"याला खायला काय देणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही. फुगे आहेत की एवढे."

"अगं, पहिल्यांदाच आलाय आपल्याकडे. नुसता पाला वाढायचा?"

"बाबा, खेकडा आहे तो. जावई नाही."

झालं, त्याचं नाव जावई पडलं. आणि तो वागलाही तसाच. दगडाआड ऐसपैस पडून राहायचा, कामाला हात लावायचा नाही. तिनं माशांचं खाणं कमी केलं, पाणी जास्त वेळा बदललं, तरी शेवाळाला पोसणारं फॉस्फेट घटेना; तपासणीच्या नळीतला निळा रंग आधीपेक्षा गडदच. "शहराचं पाणी हिच्या भरवशावर पितोय आपण," नवरा म्हणाला.

एका दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. पलीकडे सासरे होते. "सूनबाई, लवकर ये. जावई गेला."

"जावई गेला?" तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं. "अरे देवा, जावई?" म्हणत शेजारच्या टेबलावरची बाई उभीच राहिली. तिला खेकडा समजावून सांगेपर्यंत सुनेची पुरेवाट झाली.

घरी सासरे टाकीपाशी उभे होते. वाळूवर खेकडा उताणा पडला होता, पाय मुडपलेले. "सकाळी तर चांगली कोळंबी खाल्ली गं त्यानं! माझ्यासमोर दोन तुकडे..." आणि ते एकदम थांबले.

लांब चिमट्यानं तिनं तो खेकडा वर काढला. आत काहीच नव्हतं. डोळ्यांवरची झाकणंसुद्धा पारदर्शक, रिकामी.

"बाबा, हे नुसतं कवच आहे. अंगाला घट्ट झालं म्हणून टाकलंय. तो बसलाय बघा दगडामागे."

"जिवंत आहे?"

"चांगला गुटगुटीत झालाय. कधीपासून चाललीय कोळंबी?"

"आला त्या दिवसापासून," ते खाली बघत म्हणाले. "उपाशीपोटी काम कोण करतं, सांग!"

"पोट भरल्यावर कोण करतं, ते तुम्ही सांगा. आणि उरलेलं पाण्यात कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं."

सासरे प्रवाळाच्या काळवंडल्या कडेकडे बघत राहिले. "म्हणजे ते मीच मारत होतो." मग हळूच, "तो घरी आला की सांगणार आहेस त्याला?"

"सांगायचंय काय? जावयाचे लाड बंद झाले, एवढंच."

नवं कवच कडक झाल्यावर जावई रोज सकाळी काचेपाशी येऊन नांगी उंचावू लागला. सासऱ्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि पेपर तोंडासमोर धरला.

"बघतोय का अजून?"

"बघतोय."

"निर्लज्ज!"

काही दिवसांनी ती बादलीत मीठ ढवळत असताना त्यांनी कुजबुजून हाक मारली, "ये, ये, आवाज करू नकोस." प्रवाळाच्या अगदी कडेला जावयानं एक मणी उपटला, फिरवून पाहिला आणि तोंडात घातला. मग दुसरा.

नळीतला निळा रंग फिकटत गेला. पुढच्या महिन्यात, एका रविवारी, नवरा टाकीपाशी घुटमळला, वाकून बघू लागला. "हे प्रवाळ जरा फुगलंय का गं? कडेनं?"

"जरा."

"मग राहू दे टाकी." तो आणखी वाकला. "आणि बाबा, तुमचा जावई कुठाय?"

"कामावर," सासरे म्हणाले आणि खुर्ची सरकवून मुलाला टाकीसमोर थोडी जागा करून दिली.