आधी ओठाला

चमच्याची एक कड चावून चावून खडबडीत झालेली — आईच्याच दातांनी — आणि ती कड आपल्याकडे, गुळगुळीत कड आईकडे, असा तो धरायचा हे आता बोटांनाच ठाऊक होते. चमच्यात दुधात कालवलेला पाव. बेबीने तो सवयीने आधी स्वतःच्या ओठाला टेकवला, जिभेच्या टोकाने चाचपला — गरम नाही, गाठ नाही — थोडासा गिळला, आणि उरलेला आईच्या तोंडाशी नेला. तोंड मिटलेले होते.

“आई, आ कर.”

आईने मान हलवली, हलते तेवढी.

“दूध गार होतंय.”

“आधी तू,” आई म्हणाली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिचे शब्द भिजलेल्या कपड्यांसारखे जड येत, पण हे लख्ख आले. “दुपारी... तू घे. मग मी.”

दुपारी चर्चचे पाळक येणार होते. अंथरुणाला खिळलेल्यांना ते घरी येऊन प्रभुभोजन देत — पावाचा तुकडा, द्राक्षरसाचा घोट, विश्वास ठेवणाऱ्यांनीच घ्यायचा — आणि आईचा हट्ट असा, की बेबीने घेतले तरच ती घेणार. तोवर दूध नाही, गोळी नाही, काही नाही. काल संध्याकाळपासून हे चालले होते. डॉक्टरांनी बजावले होते, हिचे पोट रिकामे ठेवू नका, अंगात आता काही शिल्लक नाही. हे आईनेही ऐकले होते. म्हणजे कुठे बोट ठेवायचे ते तिला नीट माहीत होते!

बेबी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बेबीच.

तिने वाटीवर ताटली ठेवली आणि पुढच्या खोलीत मशीनपाशी येऊन बसली. एका गिऱ्हाइकाची पँट कमरेत सैल करायची होती. शिवण उसवणे सोपे काम, हात चालू राहतो आणि डोके मोकळे सुटते, हाच त्याचा तोटा... सांगून टाक ना एकदाचे. दिवसभर कमी खोटे बोलतेस का तू? औषध कडू नाही, दादा पुढच्या महिन्यात येतोय, आज तुझा चेहरा टवटवीत दिसतोय. त्यात हे आणखी एक. माझा विश्वास आहे, असे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. पण नेमकी तिथेच जीभ टाळूला चिकटत होती, आणि का चिकटते ते तिचे तिलाही कळत नव्हते. ज्या गोष्टीवर विश्वास नाही, तिच्याबद्दल खोटे बोलायला एवढे भ्यायचे कशाला?

विश्वास गेला तोही काही वाजतगाजत गेला नव्हता. कानातले पडते तसा. संध्याकाळी आरशासमोर उभे राहिल्यावर कळते की एक कान रिकामा आहे. मग दिवसभरात कुठेकुठे गेलो ते आठवायचे... भजनाच्या रांगेत? वडिलांच्या मातीला? की नुसतेच रस्त्यात? चर्चच्या मंडळीने मुलांच्या रविवारच्या वर्गाला शिकवशील का म्हणून विचारले, तेव्हा तिने घरी येऊन आईला सरळ सांगितले होते — नाही जमायचे, माझ्यात ते नाही. आई त्या वेळी धडधाकट होती. कणीक मळत होती ती मळत राहिली, नंतर कितीतरी वेळ मळत राहिली.

आणि मग हे आजारपण. कूस बदलणे, पाठ पुसणे, चादरी, लघवीचे भांडे, मिटल्या मुठीतली बोटे एकेक उघडून मधे पावडर लावणे. शेजारपाजारचे म्हणतात, तुमच्या मुलीला स्वर्गात जागा राखून ठेवलेली आहे हो. यावर आई डोळे मिटते. कारण आईचा हिशेब तसा नाही. तारण विश्वासाने. कृत्यांनी नाही, कितीही केलीत तरी नाही. कृपा कमावता येत नाही, ती नुसती घ्यायची असते. लहानपणापासून व्यासपीठावरून ऐकलेले हे वाक्य या घरात आता चालते-फिरते झाले होते — बेबीच्या रूपाने. जी सगळे करते आणि जिचे काहीच धरले जाणार नाही.

बरे झाले, असे तिला कधी कधी वाटे. म्हणजे या घरात बिनपगारी फक्त मीच. पण हेही पुरते खरे नव्हते, आणि ते ती ओळखून होती. चादर खेचताना, आईला कुशीवर वळवताना आपण कुणाला तरी दाखवत असतो — बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही माझे. त्याच्या नाकावर टिच्चून. जो नाही, त्याच्या नाकावर टिच्चायचे, हाही एक उद्योगच म्हणायचा. सुई बोटात घुसली. तिने बोट तोंडात धरले आणि आतल्या खोलीचा कानोसा घेतला. आई खोकत नव्हती. श्वासाची घरघर चालू होती.

मग दादाचा फोन आला. तो मोठा, लांब राहणारा, आवाज भरदार. “आईच्या कानाशी धर गं, प्रार्थना करतो.” तिने फोन उशीवर ठेवला आणि आपला हात पुढे केला. आईचा उजवा हात लुळा पडल्यापासून हे असेच होते — हात जोडायला तिला दुसरा हात लागायचा, आणि तो बेबीचा. आईचा डावा, बेबीचा उजवा, बोटांत बोटे. दादा छान प्रार्थना करायचा, शब्द त्याला कधी शोधावे लागले नाहीत. ती मात्र हात तिथे ठेवून चादर आज धुवावी की उद्या, याचा विचार करत असे. आज तेही जमेना. आईची बोटे घट्ट आवळत होती, आणि उपाशी माणसाच्या हातात इतका जोर कुठून आला याची तिला धास्ती वाटली.

“बेबी,” प्रार्थना संपल्यावर दादा हळू आवाजात म्हणाला, “म्हणून टाक ना. तुझं काय जातंय?”

“तू येऊन भरव ना. तुझं काय जातंय?”

फोन ठेवल्यावर आई छताकडे बघत म्हणाली, “मला भीती वाटते.”

“कसली? मी आहे ना इथे.”

“इथे आहेस,” आई म्हणाली. “तिकडे... नसशील.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. चीड, चीड आली होती तिला. मेल्यावरही मी हवी! आणि त्या चिडीच्या खालून हळूहळू वर आले ते वेगळेच होते... या बाईला स्वतःची कूस बदलता येत नाही. हिने आता कुठली सत्कृत्ये करायची? कृत्यांवर जोखायचे ठरले तर या गादीवर हिच्यापाशी आहे काय? नुसते घ्यायचे, एवढेच तिच्या हाती उरले आहे — भांडे माझ्याकडून, घास माझ्याकडून, तारण त्याच्याकडून. मला जे वाक्य थोबाडीत बसते, त्याच वाक्यावर आई रोज निजते. आणि आज तिने तेही पणाला लावले होते. माझ्यासाठी.

पाळक आले ते तरुणच होते, घाम पुसत. छोटी पेटी उघडून त्यांनी पांढरा रुमाल पसरला, वर पाव, काचेची इवलीशी पेली. आईने डोळ्यांनीच बेबीकडे खूण केली. आईची ही इच्छा त्यांना अगोदरच्या भेटीतच समजली असावी, कारण ते अवघडले.

“ताई, मला विचारावं लागेल,” ते म्हणाले. “तुम्ही विश्वास ठेवता?”

म्हण. म्हण ना! तिने आईकडे पाहिले. डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे, त्यांना पापुद्रे सुटलेले. म्हणायला तोंड उघडले आणि बाहेर आले ते —

“नाही.”

आईने डोळे मिटले. मिटलेल्या पापणीखालून पाणी कानाकडे गेले. पाळकांनी खाली पाहिले. मग ते गादीच्या कडेला सरकले, पावाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “मावशी, हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही घ्या.” आणि तो कोरडा तुकडा त्यांनी आईच्या ओठांशी नेला.

“थांबा! अडकेल तो!”

तिने तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. एकदा असाच तुकडा अडकला होता, आई निळी पडली होती, त्यानंतर या घरात कोरडे काही आईच्या तोंडात गेले नव्हते. तिने तो वाटीत कुस्करला, पेलीतला रस त्यावर ओतला, चमच्याने दाबून दाबून मऊ केला. पाळक हळू आवाजात त्यांची वाक्ये म्हणत होते. तिचे लक्ष गाठींवर होते. एक राहिली होती, ती मोडली. दुसऱ्या हाताने आईची मान उचलून हनुवटी खाली केली, चमचा भरला, खडबडीत कड आपल्याकडे — ओठाला टेकवला, जिभेने चाचपले, गिळले —

पाळकांचे वाक्य मध्येच थांबले.

तिने वर पाहिले. आईचे डोळे उघडे होते, तिच्या तोंडावर खिळलेले. आणि आईचे तोंड, कालपासून मिटलेले, उघडले.

विचार करायला वेळ नव्हता. उघडलेल्या तोंडात घास घालायचा असतो. तिने घातला. “गीळ. सावकाश. परत एकदा गीळ.” गळा वर गेला, तिथेच थांबला... थांबला... आई खोकली, एकदा, दोनदा, चेहरा लाल झाला. बेबीने तिला पुढे वाकवून धरले, पाठीवर तळहात. मग घास उतरला. हलणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याने आई हसली.

“घेतलंस,” आई म्हणाली.

तिला सांगायचे होते. मी फक्त मऊ झालंय का बघत होते, आई, रोज बघते तसं. वाक्य तयार होते. पण आईने डावा हात पुढे केला होता, आणि तिचा उजवा हात त्यात जाऊन पडलाही होता.

दारापाशी तिने पाळकांना गाठले. “मी चव बघत होते. तुम्ही पाहिलंत.”

“पाहिलं.”

“मग सांगा ना तिला. मी सांगितलं तर ती पुन्हा तोंड मिटेल.”

त्यांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. “खरं तर मी थांबवायला हवं होतं,” ते म्हणाले. “तुमचा हात इतका सहज गेला... मला वाटलं नाही की तो थांबवण्यासारखा आहे.” आणि मग खालच्या आवाजात, “काय सांगू ते मलाही कळत नाहीये, ताई.” ते पायऱ्या उतरून गेले. त्यांचा तिला राग आला. शिकूनसवरून यांना एवढेही सांगता येऊ नये!

ती आत आली. आई जागी होती, आणि सकाळची वाटी मागत होती. भूक लागली होती तिला. बेबीने दूध पुन्हा कोमट केले, पाव नव्याने कुस्करला, खुर्ची ओढून बसली. सांगायचे तर आत्ता. पोटात दोन घास गेले की मग सांगू. की चार? चमचा भरला आणि सवयीने ओठांकडे नेला —

आणि हात थांबला.

आई बघत होती. तिने तोंड उघडले नव्हते. ती वाट बघत होती, बेबी आधी घेते का त्याची. इतकी वर्षे हा घास कुणाचाच नव्हता. त्यात श्रद्धा नव्हती, नाटक नव्हते, नुसती गाठ शोधणारी जीभ होती. या घरात तेवढे एकच काम तिने कुणाला दाखवण्यासाठी केले नव्हते. आता तेही तिचे उरले नव्हते. मला विचारलं कुणी? आणि हे ती नेमके कुणाला विचारत होती — आईला नव्हे, पाळकांना नव्हे — हे लक्षात येताच तिला भीती वाटली. दातांमागे कुठेतरी दुपारच्या रसाचा गोडवा अजून होता.

न चाचपता घास द्यायचा तर आईच्या गळ्याचा धोका. चाचपायचा तर...

दूध गार होत होते. चमचा ओठांपासून बोटभर अंतरावर होता, आणि पलीकडे आई, एखाद्या लहान मुलाला भरवताना आपलेही तोंड आपोआप उघडते ना, तसे आपले तोंड हळूहळू उघडत होती.