दोन रिकामे शर्ट

नवरा गेला. मेला नाही, गेला. मेला असता तर लोक भेटायला तरी आले असते. धडधाकट माणूस उठून दुसरीकडे राहायला गेला की कोणी फिरकत नाही, सगळ्यांना नेमकी तेव्हाच कामं निघतात. म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. सख्ख्या आईलाही नाही.

ती लाँड्रीच्या एका मोठ्या कंपनीत तक्ते काढायची. ऑफिसात तिचं नावच तक्तेवाली. खात्यावर कुणाचे कपडे येतात त्यावरून सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचा गट ठरवायचं. बाईचे आणि पुरुषाचे आले तर ‘जोडपं’. पोरांचेही आले तर ‘कुटुंब’. एकाच माणसाचे आले तर ‘एकटे’. हा नियम तिनेच बसवला होता, संसार धड होता तेव्हा.

आता ती दर आठवड्याला ऑफिसखालच्या कंपनीच्याच दुकानात आपल्या कपड्यांबरोबर त्याचे दोन शर्ट टाकायची. पोटावर बसेनात म्हणून त्याने मागे ठेवलेले. नको झालेलं मागे टाकून जायचं, ही त्याची रीतच.

“वहिनी, दादा शर्ट घालतात की नुसते बघतात?” काउंटरवरचा इस्त्रीवाला म्हणायचा. “कॉलर बघा, कोरी करकरीत!”

“एसीत बसून असतात ते.”

“नशीबवान माणूस!”

सॉफ्टवेअरला कॉलर कळत नाही. तिचं खातं ‘जोडपं’मध्ये टिकून होतं.

मग वार्षिक बैठक आली. भिंतीवर तिचा तक्ता. डाव्या बाजूला गेल्या वर्षीचे गट, उजव्या बाजूला यंदाचे, आणि कोण कुठून कुठे सरकलं ते दाखवणारे रंगीत पट्टे. जितकी माणसं जास्त तितका पट्टा जाड. ‘जोडपं’मधून ‘कुटुंब’कडे जाणारा पट्टा चांगला गुबगुबीत होता. साहेब खूश झाले. मग त्यांनी बोट दाखवलं.

“हा काय दोरा लोंबतोय?”

“जोडप्यातून ‘एकटे’मध्ये गेलेली गिऱ्हाइकं.”

“चांगलं दिसत नाही. ‘इतर’मध्ये ढकला.”

“बरोबर आहे,” जाहिरातवाला म्हणाला, “लग्न मोडलं की आपलं निम्मं धुणं बुडतं!”

सगळे हसले. सवयीने तीही हसली, आणि त्या हसण्याचीच तिला शिसारी आली.

“इतर म्हणजे कोण?” ती म्हणाली. “माणसं आहेत ती. दोरा राहील.”

“अहो मॅडम, तुमचं काय जातंय?”

“मी आहे त्यात.”

साहेबांनी लॅपटॉप ओढला, पट्ट्यावर क्लिक केलं, तिचं खातं शोधलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, “कुठे? तुम्ही तर जोडप्यात आहात! घाबरवलंत की!”

पुन्हा हशा. या लोकांना माणूस समोर बसून सांगतो ते खरं वाटत नाही, भिंतीवरचं वाटतं.

“ते शर्ट रिकामे आहेत,” ती म्हणाली. “तो कधीचाच गेला. मीच टाकते ते, धुतलेलेच परत धुवायला.”

यावर हसायचं कसं ते कुणालाच सुचेना. तिने लॅपटॉप आपल्याकडे घेतला, आपला गट बदलला आणि तक्ता परत काढला. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. दोरा होता तेवढाच बारीक. एका माणसाने काही जाड होत नाही.

“राहू द्या मग तो,” साहेब टेबलाला म्हणाले. “पुढचं दाखवा.”

संध्याकाळी तिच्याबरोबर लिफ्टमध्ये कोणी चढलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी वर राहिलं होतं.

बातमी मात्र तिच्या आधी खाली पोचली होती. दोन शर्ट तिने वर टेबलाच्या खणातच ठेवले होते. काउंटरवर तिने पिशवी उलटी केली. इस्त्रीवाल्याने तिचे कपडे मोजले, रिकामी पिशवी उगाच एकदा झटकली. त्याने कॉलरचा विषय काढला नाही.

“एवढंच, ताई?”

वहिनी गेली होती.

“एवढंच,” ती म्हणाली.