नदीकडचं दार

पंपहाऊसवरच्या बाईचं सकाळचं पहिलं काम म्हणजे जाळी साफ करणं. नदीचं पाणी जिथून विहिरीत येतं तिथे तोंडाशीच लोखंडी जाळी होती. फांद्या, पिशव्या, जोडातली एकच चप्पल, काय वाट्टेल ते वाहत येऊन तिला चिकटायचं. लांब दांड्याच्या दाताळ्याने ती सगळं ओढून काढायची आणि मगच पंप सुरू करायची. एकवीस वर्षं हेच चाललं होतं. पूर ओसरल्याच्या चौथ्या दिवशी दाताळ्याला जे लागलं, तो तिला आधी कुणाचा तरी भिजलेला हातमोजा वाटला. मग हातमोज्याने शीळ घातली.

ते पाणमांजराचं पिल्लू होतं. वीतभर लांब, डोळे नुकते उघडलेले, अंगावर चिखलाचा थर. आई जवळपास असेल म्हणून तिने ते टोपलीत घालून काठावर ठेवलं आणि दुपारपर्यंत लांबून लक्ष ठेवलं. कुणी आलं नाही. पाळी संपल्यावर ती त्याला डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आली.

घर म्हणजे बांधावरच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं नदीकडे. घरात तिचा थोरला भाऊ. तो घड्याळजी. खुब्याचं हाड मोडल्यापासून कुबड्यांवर आला होता, त्यामुळे बाजारातलं दुकान बंद करून त्याने खिडकीशी टेबल मांडलं होतं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहिणीचं लग्न व्हायचं राहूनच गेलं होतं. दोघांना एकमेकांची इतकी सवय झाली होती की दिवसाला वीसेक वाक्यांत संसार भागायचा.

"पिशवीत काय वळवळतंय?" त्याने डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलं.

"पाणमांजर. आई पुरात गेली असणार."

"म्हणजे या वयात मी मामा झालो म्हणायचं."

संध्याकाळी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरबाई येऊन पिल्लू बघून गेली. वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. ड्रॉपरने दूध कसं पाजायचं ते तिने दाखवलं आणि निघताना म्हणाली, "मादी आहे. जगली तर सोडावी लागेल. पाळायला कायद्याने परवानगी नाही. मी वर कळवते, तोवर तुमच्याकडे राहू दे. पण लक्षात ठेवा, हा एकटा राहणारा प्राणी नाही. याला गणगोत लागतं."

"एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," दादा म्हणाला. "आमची काही हरकत नाही. तिसऱ्या दिवशी न्या."

तिसऱ्या दिवशी कुणी न्यायला आलं नाही, आणि दादानेही तो विषय काढला नाही. नाव मात्र चिकटलं. पाहुणी.

बहीण आठ तास कामावर, त्यामुळे पाहुणी वाढली ती दादाच्या अंगाखांद्यावर. दर तीन तासांनी दूध, मग बारीक केलेला मासा, मग अख्खा मासा. ती त्याच्या मांडीवर उताणी झोपायची आणि तो एका हाताने तिचं पोट चोळत दुसऱ्या हाताने घड्याळ उघडायचा. कुबडीचं रबरी टोक तिने तीनदा कुरतडलं. एका गिऱ्हाइकाच्या मनगटी घड्याळाचा पट्टा पळवून न्हाणीघरातल्या टबात बुडवला. दादाने त्या गिऱ्हाइकाला तोंड पाडून सांगितलं, "पट्टा धुवायला टाकलाय." बहीण घरी यायची तेव्हा दाराबाहेरच तिला दादाचा आवाज ऐकू यायचा. दिवसभरात काय झालं, कुणाचं घड्याळ किती मागे पडतं, आज गुडघा का दुखतोय, सगळं तो पाहुणीला सांगत असायचा. तिने इतक्या वर्षांत ऐकलं नसेल तेवढं ती त्या चार महिन्यांत दाराशी उभं राहून ऐकत होती. ती आत गेली की तो गप्प व्हायचा. "मासे आणलेस का?" एवढंच.

पाचव्या महिन्यात पाहुणी बदलली. पहाटे नदीवरून पाणमांजरांच्या शिळा यायच्या. आधी ती नुसते कान टवकारायची. मग मागच्या दाराशी जाऊन उभी राहू लागली, मग उत्तरं देऊ लागली. दार उघडलं नाही म्हणून एकदा बहिणीच्या पोटरीला अशी चावली की टाके घालावे लागले.

डॉक्टरबाई आली. पाणीपुरवठ्याच्या आवारात एक जुना, वापरात नसलेला हौद होता. साहेबांची परवानगी काढून त्यात जिवंत मासे सोडले आणि पंधरा दिवस पाहुणीला रोज तिथे नेलं. ती पहिल्याच दिवशी पाण्यात अशी वळली की बहीण बघतच राहिली. घरात जी फतक फतक चालायची, टेबलाच्या पायावर आपटायची, तिच्या अंगात हाडच नसल्यासारखं झालं होतं. त्या क्षणी बहिणीचं मन ठरलं.

दादाचं ठरत नव्हतं.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं," तो म्हणाला. "इथे काय कमी आहे तिला?"

"नदी कमी आहे, दादा."

"टब मोठा आणू."

टबाचं तो गंमत म्हणून बोलला नव्हता, हे तिला कळलं होतं.

एका ढगाळ सकाळी त्यांनी तिला सोडलं. त्यांनी म्हणजे बहिणीने आणि डॉक्टरबाईने. बांधावरून काठाशी उतरायला बावन्न उभ्या पायऱ्या होत्या, दादा दारापर्यंतच आला. पाहुणी पाण्यात शिरली, एकदा डोकं वर काढलं, आणि लव्हाळ्यात नाहीशी झाली. मागे वळून वगैरे बघितलं नाही. डॉक्टरबाई म्हणाली, "आठ-पंधरा दिवस ती परत येत राहील. काही झालं तरी दार उघडू नका. एकदा उघडलंत की धड ना इकडची धड ना तिकडची होईल. नदीतली तिला घेणार नाहीत, आणि माणसाला भिणार नाही म्हणून कुणाच्या तरी काठीखाली मरेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारावर खरवडल्याचा आवाज आला. बहिणीची सुट्टी होती. ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. पलीकडे पाहुणी शीळ घालत होती, अगदी लहानपणी दुधासाठी घालायची तशी. अर्ध्या तासाने आवाज थांबला. बहीण उठली तेव्हा दादा टेबलाशीच होता, भिंग डोळ्याला, समोर घड्याळ नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात पंपाचं बेअरिंग गेलं, म्हणून ती दुपारीच घरी आली. मागचं दार सताड उघडं. उंबऱ्याशी स्टुलावर दादा, त्याच्या मांडीवर पाहुणी, जमिनीवर पाणी आणि खवले. पाहुणी मासा खात होती आणि दादा तिला सांगत होता की आता थंडी वाढेल, तर अंग कोरडं ठेवत जा.

बहिणीला बघून पाहुणी उतरली आणि दारातून निघून गेली.

"कधीपासून?" बहिणीने विचारलं.

"पाच दिवस झाले."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"मग? मारायचंय का तिला?"

दादाने ओला शर्ट पुसायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "तुझं बरं आहे," तो म्हणाला. "तू रोज नदीवर जातेस. तुला ती लांबून दिसेल, चार दिवसांनी दिसेल, तू म्हणशील चला, सुखात आहे. मला या बावन्न पायऱ्या उतरता येत नाहीत. माझ्यासाठी ती दारातून गेली म्हणजे मेलीच की. रानातलं जनावर लांबूनच बघावं म्हणतात. ज्याला लांब जाता येतं त्याने म्हणावं."

ती फडकं घेऊन जमीन पुसत बसली. पुसून झाल्यावर म्हणाली, "मी दाराला कुलूप लावणार नाही. तू ठरव."

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा शेजारीण रस्त्यावरच भेटली. म्हणाली, "अहो, तुमच्या दादांना झालंय काय? तासभर घरात घंटानाद चाललाय." आत दुरुस्तीला आलेली सगळी गजराची घड्याळं टेबलावर ओळीने मांडली होती. एकाचा गजर संपत आला की दादा दुसऱ्याला किल्ली देत होता. मागचं दार बंद होतं, त्याच्यापलीकडचं खरवडणं गजरात बुडून जात होतं. बहिणीने चहा टाकला. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी घड्याळं शांत होती, आणि दारही.

त्यानंतर बहीण कामावर अर्धा तास लवकर जाऊ लागली. पंपहाऊसपासून विहिरीपर्यंत पाण्यावरून एक अरुंद लोखंडी पूल होता. त्याच्या टोकाशी ती डॉक्टरबाईची दुर्बीण घेऊन उभी राहायची. वरच्या अंगाला खडकांपाशी चार पाणमांजरं होती. महिन्याभराने एके दिवशी ती पाच दिसली. तिने पुन्हा मोजली. पाच. पाचही सारखीच तपकिरी, सारखीच ओली. कधी एखादं मागे राहायचं, आणि तिला वाटायचं हीच. मग दुसरंच मागे राहायचं.

"दिसली?" दादा रोज विचारायचा.

"दिसली."

"तुला ओळखलं?"

"थोडा वेळ बघत होती," ती म्हणाली. एकदा म्हटल्यावर रोज म्हणावं लागलं. आज मोठा मासा धरला, आज दुसऱ्या एकीशी खेळत होती, आज पुलाच्या जवळ आली होती. दादा काम थांबवून ऐकायचा.

मग एक दिवस म्हणाला, "घड्याळ पाण्यात पाडून ते लपवणारा माणूस माझ्याकडे येऊन कसा बोलतो माहीत आहे? लागोपाठ, एकदम सविस्तर. तू तसं बोलतेस."

तिने डब्याची पिशवी खुंटीला अडकवली.

"ओळखू येत नाही ना?"

"नाही येत, दादा. पाच आहेत. चाराची पाच झाली, एवढंच खरं."

त्याने बराच वेळ समोरच्या घड्याळाचं झाकण पुसलं. "तुझ्या त्या पुलाला पायऱ्या आहेत का?" त्याने विचारलं.

पुलाला पायऱ्या नव्हत्या. बांधावरून पंपहाऊस, तिथून सरळ पूल, सगळी सपाट वाट. फक्त बाहेरच्या माणसाला आत सोडत नसत. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी आधी नियम सांगितला, मग विचारलं, "किती वेळ लागेल?" ती म्हणाली, "यायला अर्धा तास, जायला अर्धा तास. मधलं त्या जनावरांच्या हातात." साहेब म्हणाले, रविवारी मी इकडे फिरकत नाही, मला काही दिसत नाही.

पहिल्या रविवारी दादाने दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. कुबड्यांची टोकं पुलाच्या जाळीत अडकत होती, म्हणून बहीण पुढे वाकून एकेक पाऊल दाखवत होती. टोकाशी तिने खुर्ची ठेवली होती. तीन तास बसले. दोन बगळे आले, एक कासव आलं, पाणमांजर एकही नाही. दुसऱ्या रविवारी धुकं होतं. तिसऱ्या रविवारी लांबून शिळा तेवढ्या आल्या. दादा मान तिरकी करून ऐकत राहिला, घड्याळ कानाला लावतो तशी.

"घरात असताना बोलावलं की यायची," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात.

चौथ्या रविवारी ऊन चांगलं होतं. वरच्या वळणावरून पाणी फाडत काळ्या रेघा आल्या आणि खडकांवर चढल्या. पाच. एकाने मासा आणला होता, त्यावरून भांडण झालं, दोघं खाली पडली, पुन्हा चढली. बहिणीने दुर्बीण दिली. दादाच्या हातांना तिचं गोल फिरवायचं चाक लगेच सापडलं.

"कुठली?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही."

तो एकेकीवर दुर्बीण धरत गेला. मग पहिल्यापासून परत. बहिणीला माशाचा वास आला, आणि तिने खाली पाहिलं तर दादाचा डावा हात कोटाच्या खिशात होता. रुमालाचं टोक बाहेर आलं होतं, ओलं. पाणमांजरं खडकावरून उतरली, पोहत पुलाच्या दिशेने आली, वीस-पंचवीस हातांवर. त्यातल्या एकीने पाण्यात उभं राहून मान वर काढली आणि दोघांकडे बघितलं. दादाच्या खिशातला हात हलला. तो हात बाहेर आला नाही. त्याचे ओठ शीळ घालायला झाले होते, तेही त्याने मिटले. पाण्यातली मान खाली गेली. खालच्या अंगाला, वळणाशी, पाचही रेघा एकदा दिसल्या आणि मग नुसतं पाणी राहिलं.

"भरली आहे अंगाने," दादा म्हणाला. "जी कुठली असेल ती. सगळ्याच भरल्यात."

"हो."

"परत येतील का आज?"

"आज नाही येणार. उद्या सकाळी कदाचित. किंवा चार दिवस नाहीच. सांगता येत नाही."

"बरं," दादा म्हणाला. त्याने दुर्बीण तिच्याकडे न देता मांडीवरच ठेवली. बहिणीने कुबड्या उचलल्या, पण तो उठला नाही. पाण्यावर ऊन सरकत होतं. थोड्या वेळाने तिने कुबड्या परत कठड्याला टेकवल्या आणि त्याच्या खुर्चीशेजारी पुलावरच बसली.