मास्तरांच्या नावचा कागद

मास्तर आजारी पडले आणि त्यांच्या बायकोच्या पोटात दुखू लागलं. नवऱ्याच्या दुखण्यावर कुणी बाई जळते का हो? ही जळली. चांगली धुमसत राहिली.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. जेवण नको, बोलणं नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. लगेच सगळं घर चवड्यांवर चालू लागलं. सासूबाईंनी रेडिओ बंद केला. नणंद दिवसाआड फळं घेऊन यायला लागली. धाकटा दीर म्हणाला, कामाची काळजी करू नकोस दादा, आधी मन सांभाळ.

मन! हिलाही होतं की एक. सहा वर्षं पहाटे छातीत धडधडून जाग यायची, काजं करताना हात थरथरायचे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बायकांचं असतंच असं, कामाला लाग म्हणजे विसरशील. नणंद म्हणाली, वहिनीचा स्वभावच रडका. आणि मास्तर? ते म्हणाले होते, उद्या दोन सदरे द्यायचेत. म्हणजे हिला झाला तो स्वभाव आणि त्यांना झाला तो आजार! त्यांच्यासाठी फळं कापताना बशीच भिरकावून द्यावी असं तिला वाटे. मग स्वतःचीच लाज वाटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

शेवटी दिरानं मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या हाती प्रश्नांचा कागद दिला, बाहेर बसून भरून आणा म्हणाल्या. मास्तरांनी तो सवयीनं बायकोकडे सरकवला. दुकानात वीस वर्षं हेच चालायचं, ते माप घेऊन आकडा सांगायचे, ही लिहायची. पण आज ते काही सांगेनात. झोप कशी लागते? ही जरा थांबली, मग लिहिलं, पहाटे धडधडून जाग येते. भीती कशाची वाटते? दाराची घंटा वाजली तरी वाटते. रडू येतं का? शिवताना, आसपास कुणी नसलं की. पेन एकदा सुटलं ते थांबेचना. कागद भरला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की यात नवऱ्याचं अवाक्षरही नाही. खोडायला गेली, तोवर आत बोलावणं आलं.

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, पण मास्तरांनी कागद आधी स्वतःकडे घेतला. कापडाला कात्री लावण्याआधी लिहिलेलं माप एकदा वाचायचंच, हा त्यांचा नेम. ओठ हलवत त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. आता आपली शोभा होणार म्हणून ही मान खाली घालून बसली.

"हे माप माझं नाही," मास्तर म्हणाले.

"मग कोणाचं?"

"हिचं. सहा वर्षं सांगत होती. मी ऐकलं नाही."

डॉक्टरबाईंनी कागदावरचं नाव खोडलं, तिला तिचं नाव विचारून तिथं लिहिलं आणि मास्तरांसाठी कोरा कागद काढला.

तिला भडभडून आलं. पण त्यातही पोटात दुखलंच. सहा वर्षं हिनं कंठशोष केला तो कुणी मनावर घेतला नाही, आणि त्यांनी तोंड काय उघडलं, लगेच खरं ठरलं!

मास्तरांनी कोरा कागद सवयीनं तिच्याकडे सरकवला. तिनं डोळे पुसले आणि पेनासकट तो त्यांच्यापुढे परत ठेवला.

"तुमचं तुम्ही लिहा," ती म्हणाली.