विमानाचा माळ

रामनगरपासून कोसभर आत, जंगलात एक लांबलचक सपाट पट्टा आहे. लोक त्याला विमानाचा माळ म्हणतात. महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी तो करून घेतला. बेळगावहून निघालेलं विमान अडचणीत आलं तर उतरायला जागा असावी म्हणून. उतरलं एकच, तेही दुसऱ्या दिवशी निघून गेलं. आता तिथं करवंदीच्या जाळ्या आहेत, गवे चरतात.

त्या जागी पूर्वी मोरगाळ होतं. अकरा घरांची कुणब्यांची वाडी. पारूआज्जी तेव्हा आठ वर्षांची होती. आठवड्याभरात घरं मोडायला लावली आणि तिच्या बापाला, लखूला, धावपट्टीच्या कामावर धरलं. इतरांबरोबर दगडी रूळ ओढत त्यानं स्वतःच्या चुलीची जागा सपाट केली. वाडी पांगली; दोन-तीन घरं ओढ्यापलीकडं गेली, तिथं त्यांनी भातशेती केली.

त्या शेतासाठी आज्जीचा नातू नागेश यानं वनहक्काचा अर्ज केला. कचेरीनं तीन पिढ्यांच्या वस्तीचा पुरावा मागितला. शेत युद्धानंतरचं, म्हणून आधीच्या वाडीचा कागद हवा होता. नागेशनं बेळगावला खेपा घातल्या, तेव्हा कुठं धावपट्टीची जुनी फाईल सापडली. आत नकाशा होता आणि खाली इंग्रजीत एक ओळ : जागा ओसाड, वस्ती नाही.

घरी येताच आज्जीनं विचारलं, "आमची घरं हायत न्हवं त्यात?"

"व्हय," नागेश म्हणाला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

सरकारी सर्वेअर पाहणीला आला त्या दिवशी ती घरी थांबेना. काठी टेकत माळावर आली आणि सर्वेअरला दाखवू लागली : इथं देवकीचं घर, इथं विहीर होती, बुजवली. सर्वेअरला गवतच दिसत होतं. माणूस बरा होता. सगळं ऐकून घेतलं, मग लेखी काही आहे का म्हणाला.

"हाय की. ह्याच्या पिशवीत हाय. वाचा."

नागेशकडं दुसरा कागद नव्हता. त्यानं तोच काढून दिला. सर्वेअरनं वाचला, नागेशकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आज्जी, हितं वस्ती नव्हती असं लिवलंय."

तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं पुन्हा वाचलं. मग ती वळली आणि एकटीच ओढ्याकडं चालू लागली.

महिन्याभरानं अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. खोटं बोललो म्हणून नागेशनं तिची माफी मागितली. ती रागावली नाही. तो वही घेऊन बसला, अकरा घरं कुणाकुणाची ते सांग म्हणाला. तिनं तीन नावं सांगितली आणि थांबली.

"ऱ्हाऊ दे बाबा. त्यांनी लिवलं त्ये ऱ्हायलं. तू लिवशील त्ये कोन मानंल?"

मार्गशीर्षात ती गेली. नंतर नागेश ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्यांकडं एकेक करून जाऊन आला. चौथ्या घराचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.