नागनाथअण्णांच्या हातातला डबा

खडखड, खडखड. उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंज एकमेकींवर आपटायच्या आणि माझ्या पोटातून तो आवाज यायचा. मी चामराजपेटच्या एका दवाखान्यातला, सुया उकळायचा डबा बोलतोय. त्याच शहरातल्या शिवाजीनगरच्या कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं, तेव्हा वाटलं होतं, माझ्यात कुणी लाडू ठेवील.

माझा आवाज ऐकला की बाकावरची मुलं आईच्या पदरात शिरत. मोठी माणसं "स्वल्प काम आहे, येतो" म्हणत चपला शोधत. वाईट वाटायचं. सुया स्वच्छ व्हाव्यात म्हणूनच तर मी तापत होतो.

मग वापरून टाकायच्या सिरिंज आल्या. चिमटे, कात्र्या तेवढ्या माझ्यात उकळत. त्या दिवसांत नागनाथअण्णा आले. लग्नघरचे आचारी, दणकट माणूस. मुलीने, नयनाने, दंडाला धरून आणलं होतं. मांडवामागे कुत्रं पोटरीला चावलं, तर यांनी जखमेत मिरचीपूड भरली आणि दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही!

नर्स सुनंदाबाईंनी पोटरी नळाखाली साबणाने कितीतरी वेळ धुतली. डॉक्टरांनी लस लिहून दिली.

"पोटात चौदा सुया, म्हणून लपवलंत ना?" सुनंदाबाई म्हणाल्या. "आता दंडात देतात, अण्णा. पण घ्यायलाच हवी. ते दुखणं एकदा अंगात भिनलं की माणूस वाचत नाही."

अण्णा दाराकडे बघत होते. "लहानपणी चौघांनी दाबून धरून माझ्या देवी काढल्या, अक्का. तेव्हापासून सुई दिसली की मी दार शोधतो. मला धरू नका."

"एवढी पातेली उचलता आणि..." नयना हसली.

"हसू नकोस गं. कुणी नाही धरणार. अण्णा, तुम्हीच काहीतरी धरा." सुनंदाबाईंनी मला रिकामा करून त्यांच्या हातात दिलं. मी अजून कोमट होतो. "तुम्ही 'सरी', म्हणजे 'बरं, टोचा', म्हणेपर्यंत मी सुई लावणार नाही."

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. माझं झाकण वाजत होतं. सुनंदाबाई थांबून राहिल्या. हळूहळू आचाऱ्याची बोटं सवयीने माझा तळ चाचपू लागली.

"तळ पातळ आहे. भात लागेल यात."

"कितीजणांचा होईल?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"एकाचा. तोही उपाशी उठेल."

नयनाने हसू दाबलं. अण्णांनी लांब श्वास सोडला, डोळे मिटले. "सरी, अक्का."

पुढच्या खेपांना ते आले की स्वतःच मला फळीवरून उचलत. भीती गेली नव्हती, झाकण वाजायचंच. पण ते येत राहिले.

आता माझ्यात कापूस असतो. कुणी फार घाबरलं की सुनंदाबाई मला त्याच्या हातात देतात. माझं एवढंच मागणं आहे, घाबरलेल्याला हसू नका. त्याला थोडा वेळ द्या.

शेवटची सुई झाली, त्या दिवशी अण्णांनी मला फळीवर ठेवलं. माझ्या अंगावर त्यांच्या बोटांचे घामट ठसे उमटले होते. खांद्यावरच्या पंचाने त्यांनी ते पुसले, झाकण नीट बसवलं, आणि पायऱ्या उतरून गेले.