वाघरीच्या बाहेर

माझी पहिली बैठक म्हणजे पप्पांच्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी. माझे पप्पा हौशीराम, लोणीतले आरोग्य विम्याचे एजंट. बालवाडीत असल्यापासून मी टाकीवर बसून त्यांच्याबरोबर पार डिंभ्यापर्यंत हिंडलेय. जानेवारीत तर लई मजा. कंपनीच्या कॅलेंडरांची गुंडाळी माझ्या मांडीवर आणि घरोघर चहा. बायका त्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायच्या. खाली पप्पांच्या नावाचा शिक्का. मला वाटायचं, नवीन वर्ष पप्पाच वाटतात.

आता कंपनी कॅलेंडर छापत नाही. लोक मोबाईलवर पॉलिसी काढतात, सरकारी कार्डही आलंय. बॅग खुंटीला आणि पप्पा कांद्यात.

परवाच्या रविवारी ते वाफ्यात उभे राहून ऋतिकदादाशी फोनचा स्पीकर लावून बोलत होते. त्याची आई बाळाबाई मेंढरं राखते, तो चाकणला कंपनीत आहे.

"अरे, जुनी पॉलिसी चालू ठेवायचा आज शेवटचा दिवस आहे. ही गेली की आईचं सगळं पहिल्यापासनं."

"मी नवी काढलीय ना काका, स्वस्तात. आणि सरकारी कार्ड आहेच."

"कार्ड असू दे, चांगलंच आहे. पण नव्या फॉर्मात आजार काय लिहिलास?"

"काही नाही. आयेला फोन करून विचारलं की. म्हणाली काय न्हाई. राग मानू नका काका, पण तुमचं कमिशन जातंय म्हणून तुम्ही..."

"बरं बाबा," म्हणून पप्पांनी फोन खिशात टाकला आणि खुरपं उचललं.

माझं डोकंच फिरलं. बाळाबाईला साखर आहे हे मला केव्हापासून ठाऊक. तिचा चहा कायम बिनसाखरेचा. आणि दिवाळीत तिनं पप्पांना सांगितलं होतं की मंचरच्या डॉक्टरनं हृदयात जाळी बसवायला सांगितलीय. फॉर्मात खोटं निघालं तर दवाखान्यात कंपनी हात वर करणार.

"सांगून टाकायचं ना त्याला, पप्पा."

"बाईनं मला सांगितलं, पोराला नाय. तिचं दुखणं मी गावभर वाटू का? सांगायचं तर तिनं सांगावं."

"मग चला तिच्याकडं."

"कमिशनसाठी पळत आला म्हणतील."

"म्हणू द्या. अख्ख्या शाळेपुढं गॅदरिंगचं निवेदन केलंय मी. ऋतिकदादाला काय भ्यायचं?"

पप्पांनी खुरपं ठेवलं, हातपाय धुतले आणि खुंटीची बॅग काढली.

बाळाबाईचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुठल्या रानात उतरलाय ते पप्पांनी चहाच्या टपरीवर विचारून घेतलं. बाजरी निघालेल्या एका रानात मेंढरं बसली होती, चहूबाजूंनी वाघर लावलेली. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. बाळाबाई आतच होती, तिनं चुलीवर आधण ठेवलं.

"लई दिसांनी, भाऊ. ही पोरगी का नवरी?"

"नववीत आहे मी, मावशी," मी म्हणाले. आणि दम कुठला निघतोय, चहा हातात यायच्या आधीच विचारलं, "ऋतिकदादाला तुमच्या साखरेचं का नाही सांगितलं?"

बाळाबाई चुलीपासून उठली. तिनं झटकन पिशवीतला भंडारा काढून मेंढरांवर उधळला.

"वाघरीत दुखन्याचं नाव काढत न्हाईत, पोरी. मेंढराला लागतं."

पप्पा नुसते खोकले. आणि मला टाकी आठवली. चहा नेहमी आत व्हायचा, पण फॉर्म मात्र बाहेर, बाभळीखाली, टाकीवर. कागद उडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी दाबून धरायची. मला वाटायचं मेंढरं कागद खातील म्हणून बाहेर यायचं. पप्पा कधी कारण बोलले नाहीत, दुखण्याचं बोलणं निघालं की उठून बाहेर चालायचे आणि माणसं मागनं यायची.

"मावशी, जरा वाघरीबाहेर त्या बाभळीखाली येता?"

ती आली. मी ऋतिकदादाला फोन लावून स्पीकर चालू केला. साखर, गोळ्या, टेकडी चढताना लागणारी धाप, हृदयातली जाळी, सगळं ती बाजारहाट सांगावी तसं सांगत गेली.

"आये, मी विचारलं तेव्हा काय न्हाई म्हणालीस."

"तवा मी वाघरीत व्हते."

"अगं पण..."

"पण काय? चाकणला गेला अन् घरची रीत इसारला."

ऋतिकदादा म्हणाला, "काका, जुनीच चालू ठेवतो. आत्ताच भरतो. नवीचं काय करू?"

"परत कर, मुदत आहे अजून."

"आणि ते कमिशनचं मी..."

"राहू दे ते. पुढल्या वर्षीपण फोनवरनंच भर, मला काय नाय. फक्त विचारायच्या आधी तिला बाहेर बोलव."

थोड्या वेळानं पॉलिसी चालू झाल्याचा मेसेज पप्पांच्या मोबाईलवर आला. त्यांनी तो दोनदा वाचला.

निघताना बाळाबाईनं विचारलं, "भाऊ, औंदा क्यालेंडर न्हाई व्हय?"

पप्पांनी सवयीनं बॅगेत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "औंदा छापलंच नाय, बाई."

"मंग तसंच येत जा. चहाला."

मी मोटरसायकलजवळ गेले. टाकीवरचा रंग माझ्या बसण्यानं घासलाय, तिथं पत्रा दिसतो.

"पप्पा, मी पुढं बसू?"

"मागं बस गुमान. टाकी चेपंल."

मी मागं बसले आणि बॅग मांडीवर घेतली.